नानांचा गालिचा

प्रिय मीरा,

अनेक आशीर्वाद.

नानांच्या गालिच्याबद्दल तू फोनवर म्हणालीस, "आई, एकदाच काय ते पूर्ण दुरुस्त करून घे, अगदी नव्यासारखा." पैसेही तूच देणार म्हणालीस. तरी मी नाही म्हणते आहे. का ते सविस्तर लिहिते.

नाना आबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हिशेबनीस होते. १९५१ साली इराणनं तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, इंग्रज निघून गेले, कारखाना थंडावला आणि नाना मुंबईला परतले. येताना सामानात हा शिराझचा गालिचा होता. त्या भागातल्या कश्काई या भटक्या जमातीच्या बायका असे गालिचे जमिनीवरच्या आडव्या मागावर विणत. लाल रंगात मधेच फिकट पट्टा दिसतो ना, तो डाग नव्हे. लोकर थोडी थोडी रंगवली की प्रत्येक घाण्याचा रंग वेगळा उतरतो. इराणात त्याला अब्रश म्हणतात. दुरुस्तीवाल्यानं तो पट्टाही "सारखा करून देतो" म्हटलं, तेव्हाच माझं मन उडालं.

दुसऱ्या कारागिराला घरी बोलावलं. त्यानं आधी गालिचा उलटा केला आणि पाठीमागूनच सगळं पाहिलं. ओला पांढरा फडका दाबून रंग सुटत नाही याची खात्री केली. मग समजावलं, की झिजणं वेगळं आणि उसवणं वेगळं. मधला भाग झिजलाय, तिथे लोकरीचे तुरे आखूड झालेत, पण गाठी ताण्यावर, म्हणजे विणीच्या उभ्या धाग्यांवर, घट्ट आहेत. तो भाग अजून कितीतरी वर्षं टिकेल. खरा धोका टोकांना आहे. दशा म्हणजे शिवून लावलेली झालर नव्हे, ताण्याचेच धागे ते. एका बाजूला ते तुटलेत आणि तिथल्या गाठी पायागणिक सुटताहेत. कपाटाखाली अंधारात कसरही लागली आहे. कापसाचा ताणा असता तर किडीनं तो सोडला असता. आपला ताणासुद्धा लोकरीचा, म्हणून तिथे आरपार भोक पडलंय.

मधला भाग नव्यासारखा करायचा तर त्या जुन्या गाठी काढून नव्या भराव्या लागतील. रंग जुळावा म्हणून दुसऱ्या जुन्या गालिच्याची लोकर उसवून वापरतात. हे ऐकल्यावर मला इराणातल्या अर्दबीलचा गालिचा आठवला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं तो १८९३ साली २,००० पौंडांना घेतला. त्यावर ९४६ हे हिजरी साल विणलेलं आहे, म्हणजे १५३९-४०. मुळात ती जोडी होती. एक पूर्ण दिसावा म्हणून दुसऱ्याचे तुकडे काढून त्याला जोडले. तो दुसरा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे, काठ गमावलेला. आपल्या घरगुती गालिच्यासाठी तसा दुसरा कुणाचा तरी उसवायला मी तयार नाही.

शिवाय मधली झीज नानांच्या बसण्याची आहे. संध्याकाळी ते तिथे पेपर पसरून बसत, तू त्यांच्या पाठीवर चढायचीस. ती झीज जुन्या गाठी काढून भरून टाकणं मला जमणार नाही, मीरा.

म्हणून ठरवलं ते असं: दोन्ही टोकं हातानं टाके घालून बांधायची, सुटलेली कड लोकरीनं पुन्हा गुंडाळायची, कसरीचं भोक नवा ताणा घालून विणायचं. तिथला रंग थोडा वेगळा दिसला तरी चालेल. मशीनची झालर नको, पाठीला डिंक किंवा रबर नको. रासायनिक धुलाई तर नकोच, साधं धुणं पुरे.

काम संपलं की गालिचा तुझ्याकडे बंगळूरला. तुझ्या बैठकीत पश्चिमेचं ऊन थेट येतं, त्या खिडकीजवळ अंथरू नकोस. कपाटाखालीही सरकवू नकोस, आणि महिन्यातून एकदा उलटून पाठ झाडत जा. डांबराच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस. आतल्या खोलीची मापं कळव. आणि माझं पटत नसेल तर या आठवड्यात फोन कर, कारागिराला मी तोवर थांबवलंय.

तुझी,
आई