वसंता, थांबायचं ठरवलंय

सांगली,
रविवार रात्र

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तीन आठवडे तुझे फोन घेतले नाहीत, रागावू नकोस. मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. फोनवर हे बोलवेना, म्हणून लिहितोय.

रात्री तीन-चारदा लघवीला उठायचो, म्हणून दाखवायला गेलो. रक्तात पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन) ६.८ आला, साधारण चारच्या आत हवा असतो. मग एमआरआय, मग मिरजेत बायोप्सी. बारा तुकडे काढले, दोनात सापडला. रिपोर्ट गाडीवर बसूनच उघडला. 'ग्लीसन ३+३=६', म्हणजे कॅन्सर किती उग्र आहे त्याचा आकडा. दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याच्या वर गेलो की! हातपाय गार पडले. घरी सांगितलं तेव्हा शालिनी भाकरी थापत होती. काही बोलली नाही, थापतच राहिली. कडा फाटल्या तरी तिचा हात थांबेना.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत ऑपरेशनची तारीख दिली. "काढूनच टाका बाबा" म्हणत मुलगा पैशाच्या जुळवाजुळवीला लागला. मला पटेना. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तासभर बसवून समजावलं. बायोप्सीत सहाच्या खाली कॅन्सर म्हणतच नाहीत, सहा म्हणजे सगळ्यात सौम्य. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, नवरा-बायकोचा संबंधही. रेडिएशननं मूत्राशय आणि आतड्याला त्रास होऊ शकतो. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना तीन गटांत वाटलं होतं: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. पंधरा वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला. तिन्ही गटांत या कॅन्सरनं गेलेले शंभरात तीनच्या आसपासच. पण लक्ष ठेवलेल्यांत तो पसरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, आणि निम्म्याहून जास्त जणांना पुढं उपचार घ्यावेच लागले. हेच मला रात्री झोपू देत नाही.

तरी ऑपरेशन न करता, लक्ष ठेवून थांबायचं ठरवलंय. शालिनीला म्हटलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी पंधरा फूट असताना आपण सामान माडीवर नेतो का? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पावसाळाभर आकडा बघत राहतो. ती म्हणाली, "२०१९ ला बघता बघताच पाणी घरात आलं होतं." खरं आहे रे तिचं. मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी दोघांचं ठरलं. दर तीन महिन्यांनी पीएसए, वर्षानं परत बायोप्सी, आणि सहाचे सात झाले की एक शब्द न काढता उपचार. तारखा तिनंच कालनिर्णयवर लाल पेननं लिहिल्यात.

आणि तुझे वडील याच आजारानं गेले, म्हणजे तुला धोका माझ्यापेक्षा जास्त. या आठवड्यात डॉक्टरांना विचारून पीएसए करून घे. मला आकडा कळव, हयगय करू नकोस.

माझी पहिली तारीख श्रावणात आहे. त्या दिवशी वहिनींना घेऊन ये. मी आत गेल्यावर शालिनी बाहेर बाकावर एकटी बसते, ते मला बघवत नाही.

तुझा,
दत्ता