बाबा, अण्णांना आता भागीदार करा

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

डायलिसिसची वेळ जवळ येतेय, त्याआधी हातात फिस्टुलाचं ऑपरेशन करून घ्या, असं किडनीच्या डॉक्टरांनी परवा सांगितल्याचं आईने फोनवर सांगितलं. त्यावर तुम्ही "मार्च एंडिंग होऊ दे, मग बघू" म्हणालात, तेही सांगितलं. समोरासमोर हा विषय निघाला की तुम्ही आपल्या मशीन शॉपमधल्या डिस्पॅचचं बोलायला लागता, म्हणून लिहितेय. दोघांनी बसून वाचा.

आधी फिस्टुलाचं. हातातली रोहिणी आणि शीर एकमेकींना जोडतात. मग त्या शिरेत रक्ताचा जोर वाढतो, ती हळूहळू जाड होते आणि सुई टोचण्याजोगी व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. म्हणून डॉक्टर आतापासून मागे लागलेत. डायलिसिसची वेळ आली आणि फिस्टुला तयार नसला, तर मानेतून नळी घालून सुरुवात करावी लागते आणि त्यात जंतुसंसर्गाची भीती जास्त. मार्च एंडिंग दर वर्षी येतं, बाबा. ऑपरेशन झालं की त्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हातावर बीपी मोजायचं नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही. मशीनवर जड पार्ट बसवायला, उचलायला तुम्ही स्वतः पुढे होता, ते बंद. आणि डायलिसिस सुरू झालं की आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. जाणं-येणं आणि नंतरचा थकवा धरला तर तीन दिवस शॉपमधून गेलेच. हे समोर दिसत असताना व्यवस्था आत्ताच लावायला हवी, म्हणजे शॉप सांभाळणाऱ्या अण्णांना भागीदार करायला हवं.

लहानपणी तुम्ही मला स्टीव्ह जॉब्सची गोष्ट सांगायचात. अंबडच्या भाड्याच्या गाळ्यात जुन्या लेथवर सुरुवात केलेल्या माणसाला गॅरेजमधून निघालेली त्यांची ॲपल कंपनी आपली वाटणारच. पण तुमची गोष्ट आयफोनपाशी थांबायची. मला पुढची सांगायची आहे.

ऑक्टोबर 2003 मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. हळू वाढणाऱ्या, दुर्मीळ प्रकारची. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, त्यांनी आहार आणि इतर उपाय करून पाहिले आणि ऑपरेशन झालं जुलै 2004 मध्ये. आधी केलं असतं तर वाचले असते असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण ते नऊ महिने मला फार टोचतात, तुमचं "मग बघू" ऐकल्यापासून तर जास्तच.

दुसरं मात्र त्यांनी फार शहाणपणाने केलं. त्या ऑपरेशनच्या वेळी कंपनीचं रोजचं काम कंपनीतल्याच टिम कुक यांच्याकडे दिलं. 2009 मध्ये यकृत प्रत्यारोपणासाठी सहा महिने रजा घेतली, तेव्हाही कुकच. जानेवारी 2011 मध्ये पुन्हा रजा, पुन्हा कुक. 24 ऑगस्ट 2011 ला त्यांनी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. मी नेहमी म्हणत आलोय की जबाबदारी पेलवेनाशी झाली तर ते सगळ्यांत आधी मीच सांगेन, आणि दुर्दैवाने तो दिवस आलाय, अशा अर्थाचं. त्याच पत्रात कुक यांचं नाव सुचवलं आणि स्वतः संचालक मंडळाचे अध्यक्ष म्हणून राहिले. 5 ऑक्टोबरला ते गेले, अवघे 56 वर्षांचे होते. राजीनामा आणि मृत्यू यांत सहा आठवड्यांचं अंतर, पण कारभार सोपवण्याची तालीम सात वर्षं चालली होती. 2018 मध्ये तीच कंपनी एक लाख कोटी डॉलर बाजारमूल्य गाठणारी पहिली अमेरिकन कंपनी झाली.

कुक त्यांचे नातेवाईक नव्हते. स्वभावानेही जॉब्ससारखे नव्हते. 1998 मध्ये आले ते पुरवठा, कारखाने, गोदामातला साठा हे सगळं ताळ्यावर आणायला. नवीन वस्तू सुचणारा माणूस म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नसे. बाबा, मला इथे आपले अण्णा दिसतात. आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आले, आज सेटिंगपासून इन्स्पेक्शन रिपोर्टपर्यंत सगळं बघतात. नवीन कामाचं सुचतं तुम्हाला. मंदीत वाहनांच्या पार्टवर सगळा धंदा ठेवायचा नाही, विजेच्या स्विचगियरची कामं धरायची, हे तुम्हीच ओळखलंत. आजूबाजूचे गाळे बंद पडत होते तेव्हा तुम्ही संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनसाठी कर्ज काढलंत आणि त्यावर आज इतकी घरं चालतात. ही नजर अण्णांकडे नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण ती आत्ता तुमच्याकडे आहे. रोजची धावपळ त्यांच्याकडे गेली तरच ती वापरायला तुमच्यात जीव उरेल.

"घरचं माणूस नाही," असं तुम्ही आईला म्हणालात. घरचं माणूस म्हणजे मी, आणि मी नोकरी सोडून अंबडला येणार नाही, ते मला जमणारही नाही. मला त्या गाळ्यातला वाटा नको, तिथे तुम्ही उभं केलेलं काम चालू राहिलेलं हवंय. आणि फर्म प्रोप्रायटरी आहे, म्हणजे तुमच्या एकट्याच्या नावावर, हे विसरू नका. बँकेत सही तुमची एकट्याची, जीएसटी तुमच्या पॅनवर. तुम्ही आयसीयूत असलात तर पगार कोण काढणार? मालाचे पैसे कुणाच्या सहीने जाणार? भागीदारी करा, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, सीए सांगतील ते करा, पण अण्णांचं नाव कागदावर आणा. नुसत्या सुपरवायझरला ना बँक विचारते ना ग्राहक.

जॉब्सची एक गोष्ट मला पटत नाही, आणि ती आपल्याकडे होऊ नये असं फार वाटतं. आजाराची लपवाछपवी. जानेवारी 2009 च्या सुरुवातीला हार्मोनचा असमतोल आहे, इलाज सोपा आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि आठवडा-दीड आठवड्यात लांब रजेवर गेले. यकृत बदलल्याचं जगाला कळलं जूनमध्ये. तोवर नुसत्या अफवा. आपल्याकडेही चहाच्या टपरीवर कुजबूज सुरू झाली असेलच, कारण तुमच्या पायाची सूज शॉपमधल्या पोरांना दिसते. शॉप विकायला काढलंय असं त्यांना वाटण्याआधी तुम्ही स्वतः सांगा. शनिवारी पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांना एकत्र बोलवा. अण्णांना शेजारी उभं करा.

कुक यांनी नंतर सांगितलेलं आहे की जॉब्सनी त्यांना वॉल्ट डिस्नेंच्या कंपनीचं उदाहरण दिलं होतं. 1966 मध्ये डिस्ने गेले आणि मागचे लोक वॉल्टने काय केलं असतं हेच विचारत बसले, कामं अडली. जॉब्स म्हणाले, मी काय केलं असतं ते विचारू नकोस, जे बरोबर आहे ते कर. अण्णांना हे तुमच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं. नाहीतर ते प्रत्येक कोटेशनला तुम्हाला डायलिसिसच्या खुर्चीवर फोन करतील, आणि तुम्ही तो उचलाल.

आई, तुझ्यासाठी थोडं. पापड-लोणचं तू बंद केलंस, चांगलं केलंस. नारळपाणी चांगलं असतं म्हणून शेजारच्या काकू देतात, तेही त्यांना देऊ नकोस, त्यात पोटॅशियम फार असतं. आणि लोकांना "ॲसिडिटी आहे" सांगणं सोड. तू एकटीने हे किती दिवस पोटात ठेवणार? मावशीला सगळं सांग, ती येऊन राहील.

मी शुक्रवारी रात्री पोचते. जेवायला थांबू नका, सिन्नरला काहीतरी खाऊन घेईन. शनिवारी सकाळी फिस्टुलाच्या सर्जनची वेळ घेतली आहे आणि दुपारी सीएंची. अण्णांना सीएंकडे यायला मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे, बाबा. शुक्रवारच्या आत सांगा.

तुमची,
लेक