आई-बाबांना, बँड सोडल्यावर

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर आई मध्येच रडली असती आणि बाबांनी "बरं, बरं" म्हणत फोन तिच्याकडे दिला असता. म्हणून लिहितेय. मी बँड सोडला. विचार चालू आहे असं नाही, सोडला. कागदांवर सगळ्यांच्या सह्याही झाल्यात. आता माझी गाणी मी माझ्या एकटीच्या नावाने करणार आहे.

आई, आधी तुझ्या मनातलं. भांडण झालेलं नाही. आपल्या घरी आला की तुझ्याशीच गप्पा मारत बसतो तो ड्रमवाला, त्यानेच माझं सामान खाली उतरवून दिलं. त्याचा फोन आला तर नेहमीसारखीच बोल. "तुम्ही तिला जाऊ कसं दिलंत?" असं विचारू नकोस, त्याला आधीच खूप लागलंय.

मग का सोडला? मी लहान असताना गाणं म्हणताना तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "शब्द गिळू नकोस!" बाबा पेटीवर तीच ओळ पुन्हा घ्यायचे आणि मी त्यांच्या मांडीला टेकून ती म्हणायचे, झोप येईपर्यंत. बँडमध्ये माझे शब्द मलाच ऐकू येईनासे झाले होते. आजूबाजूला मोठा आवाज असला की माणूस नकळत आवाज चढवतो. ड्रम आणि दोन गिटारांच्या पुढे उभं राहून मी वर्षानुवर्षं तेच करत होते. गिटारच्या सोयीसाठी पट्टीही वर सरकायची. शिवाय मी एक गिटार आणि आवाज एवढ्यासाठीच लिहिलेली गाणी तालमीत न्यायची आणि तिथे ती मोठी, जोरकस, टाळ्यांची व्हायची. ती वाईट व्हायची असं मी म्हणणार नाही, लोकांना आवडलीच. पण हळू म्हणायच्या गाण्यांची माझी वही भरत गेली आणि त्यांना बँडमध्ये जागाच नव्हती. घशाचं म्हणाल तर डॉक्टरांना दाखवलंय. स्वरयंत्रावर थोडी सूज होती, गाठी नाहीत. विश्रांतीने उतरतेय. आई, घाबरू नकोस, खरंच उतरतेय.

बाबा, तुम्ही विचारणार, "जुन्या गाण्यांचं काय?" गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात: शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. मी लिहिलेली, चाल दिलेली गाणी माझीच राहतात, ती मी पुन्हा नव्याने गाऊन मुद्रित करू शकते. जुनी मुद्रणं मात्र आम्हा सगळ्यांची आहेत. जी गाणी मिळून केली त्यांत कोणाचा किती टक्के वाटा, हे गाणंवार लिहून ठेवलंय. बँडचं नाव त्यांच्याकडेच राहील, ते मीच सुचवलं. तुम्ही घराची कागदपत्रं जशी फाईलमध्ये ठेवता तशी मी ही ठेवलीत.

आणि असं करणारी मी पहिली नाही. ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलने १९७५ साली जेनेसिस हा बँड सोडला, त्याचा पहिला एकट्याचा अल्बम १९७७ साली आला. मधला काळ त्याच्या आई-वडिलांनी कसा काढला असेल, हे हल्ली माझ्या मनात येतं.

पैशांचं खरं सांगते. नुसत्या स्ट्रीमिंगवर घर चालत नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. म्हणून गाण्याच्या शिकवण्या चालू ठेवल्यात, जाहिरातींना आवाज देते आणि छोट्या मैफलींची बोलणी चालू आहेत. भाडं वेळेवर जातं. वेळेवर जेवते, रात्रीचे दौरे कमी झाल्यामुळे पुरेशी झोपते. खोलीत ऊन येतं, गादी नवीन घेतली, पाठ दुखत नाही. शेजारच्या काकू येता-जाता डोकावतात, म्हणजे मी अगदी एकटी नाही. तुम्ही पैसे पाठवू नका. लागले तर मी मागेन, मागायला लाजणार नाही.

आता तुमचं. आई, डोळ्यांचे थेंब ऑपरेशननंतर बरं वाटायला लागलं म्हणून बंद करायचे नसतात, डॉक्टर सांगतील तोवर घालायचे. बीपीचे आकडे मला पाठवत जा, दादाला पाठवलेस तर तो नुसता अंगठा दाखवतो. बाबा, कानाचं मशीन कपाटात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही. त्यात पेटीचे सूर थरथरल्यासारखे येतात, हे तुमचं खरं आहे. ते मशीन बोलणं ऐकू यावं म्हणून लावलेलं असतं, लांबलेला सूर त्याला शिट्टी वाटते. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम लावून घ्या, तसा करता येतो. दादाला घेऊन याच आठवड्यात जा. रात्री मशीन काढलं की बॅटरीचं दार उघडं ठेवा, ओल सुकते.

रविवारी पहिलं गाणं पाठवते, अजून कुणालाच ऐकवलेलं नाही. मशीन लावून ऐका, दोघं एकत्र ऐका. आणि आई, कुठला शब्द नीट कळला नाही ते लिहून ठेव, पुढच्या आठवड्यात अंतिम मुद्रण आहे, त्याआधी मला ते हवंय.

तुमची,
धाकटी