तक्रार: अलार्म वाजवायच्या क्षणीच बंद पडणारा तुमचा टेंपरेचर लॉगर

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

आज पाचव्यांदा तुमच्या हेल्पलाइनशी बोलून फोन ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं. वस्तू तुमचीच आहे, तेव्हा तिची ओळख करून देत बसत नाही. फ्रिजमध्ये ठेवून तापमान नोंदवणाऱ्या आणि ते वाढलं तर अलार्म देणाऱ्या लॉगरचं नवं मॉडेल, ज्यातला बटण सेल काढून तुम्ही सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर, घातलात. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय: 'सेल कधीच बदलावा लागणार नाही. वीज गेल्यावर ८ तास बॅकअप.'

माझ्याकडे तो २६ मिनिटं चालतो. फ्रिजचं दार बंद ठेवून, घड्याळ लावून तीनदा बघितलं. २६, २७, २६.

त्या फ्रिजमध्ये माझ्या वडिलांचं इन्सुलिन असतं. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. गेल्या आठवड्यात रात्री वीज गेली ती पहाटे आली. तेवढ्या वेळात फ्रिज किती तापला, ८ अंशांच्या वर किती वेळ राहिला, हे सांगणं एवढंच त्या लॉगरचं काम होतं. सकाळी पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २००० आणि रात्रीची नोंद कोरी. इन्सुलिन उष्णतेनं कमजोर झालंय की नाही हे पेन हातात धरून कळत नाही. वडिलांवर प्रयोग करायची माझी तयारी नव्हती. सगळी पेनं टाकून दिली.

मी पंधरा वर्षं सर्किट दुरुस्तीचं काम करते. पूर्वी ज्या झाकणातून सेल बदलायचो, तेच झाकण उघडलं. आत ५.५ व्होल्टचा, १ फॅरडचा (फॅरड म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप), नाण्याच्या आकाराचा सुपरकपॅसिटर. लॉगर सरासरी १ मिलीअँपिअर खातो आणि ३.३ व्होल्टला बंद पडतो. म्हणजे ५ व्होल्टपासून वापरायला मिळतात १.७ व्होल्ट, आणि त्यावर निघतात १७०० सेकंद. अर्धा तासही नाही. ८ तासांसाठी याच सर्किटला १७ फॅरड लागतील. हा हिशेब तुमच्या इंजिनिअरांनी केलाच असणार. मग खोक्यावर ८ तास कुणी छापले?

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. हा नाण्यासारखा प्रकार घड्याळ किंवा मेमरी जिवंत ठेवण्यासाठी असतो, मायक्रोअँपिअरमध्ये. याचा अंतर्गत रोध मी मोजला, ३० ओहम भरला. तुमचा बझर ३० मिलीअँपिअर ओढतो. वाजला की ०.९ व्होल्ट तिथल्या तिथे पडतात. मी अडॅप्टर काढला, १५ मिनिटं थांबले आणि सेन्सर मुठीत धरला. तापमान ८ च्या वर गेलं. बझरनं अर्धा 'टीं' काढला आणि पडदा विझला. मीटरवर ४.१ चे ३.२ झाले, परत ४.१. लॉगर पुन्हा चालू, पुन्हा अर्धा 'टीं', पुन्हा अंधार. मूठ सोडेपर्यंत हेच चाललं होतं. बंद फ्रिज काही १५ मिनिटांत तापत नाही, म्हणजे तापेल तेव्हा अलार्म वाजणारच नाही. वाजायला गेला की यंत्रच बंद पडणार.

हे सगळं मी आज फोनवर सांगितलं. आधीच्या चार फोनमध्ये 'रात्रभर चार्जिंगला लावा' एवढंच ऐकलं होतं. १ फॅरड भरायला तुमच्याच सर्किटमध्ये काही मिनिटं लागतात, रात्र लागत नाही, हेही चारदा सांगून झालं होतं. आज वरिष्ठांकडे फोन दिला. ते म्हणाले, "मॅडम, ही नव्या पिढीची बॅटरी आहे, चार-पाच वेळा पूर्ण उतरवून भरा, मग बॅकअप वाढेल." मी म्हटलं, ही बॅटरी नाही, कपॅसिटर आहे, उतरवून-भरून याचे फॅरड वाढत नाहीत. ते गप्प झाले. मग विचारलं, "घरात कुणी टेक्निकल जेन्ट्स आहेत का? त्यांना फोन द्या ना." मी म्हटलं, मीच टेक्निकल आहे, आकडे लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतले नाहीत. मी दोनदा म्हटलं, लिहून घ्या. त्यावर उत्तर आलं, "वीज गेल्यावर फ्रिजच बंद असतो मॅडम, तेव्हा मोजून काय करणार?"

तुमच्या कंपनीत लॉगर विकणाऱ्या माणसाला लॉगर कशासाठी असतो हे माहीत नाही. याचा मला राग आला आहे आणि तो अजून गेलेला नाही.

सुपरकपॅसिटरबद्दल माझी तक्रार नाही. तो लाखो वेळा भरतो-उतरतो, थंडीत चालतो, बटण सेलसारखा वर्षा-दोन वर्षांनी फेकावा लागत नाही. पण सीआर २०३२ या नेहमीच्या बटण सेलमध्ये सुमारे २४०० ज्यूल ऊर्जा असते आणि तुमच्या या १ फॅरडमध्ये ५ व्होल्टला साडेबारा. सेलच्या जागी तसाच चिकटवून भागणार नाही. २.७ व्होल्टचे, ५० फॅरडचे, कमी रोधाचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा, २५ फॅरड होतात. दोघांवर व्होल्टेज सारखं राहील अशी बॅलन्सिंगची सोय करा आणि चार्जिंगचा करंट मर्यादित ठेवा, कारण रिकामा कपॅसिटर अडॅप्टरला शॉर्टसर्किटसारखाच दिसतो. पुढे बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उतरलेलं व्होल्टेज वाढवून देणारं सर्किट, लावलात तर ५ पासून अडीच व्होल्टपर्यंत उतरताना तीन चतुर्थांश ऊर्जा वापरता येईल. खोकं थोडं मोठं होईल, होऊ द्या.

तुमचं जुनं, सेलवालं मॉडेल मी सहा वर्षं वापरलं. रात्ररात्र वीज गेली तरी त्यानं एक नोंद चुकवली नाही. त्याच विश्वासावर हे घेतलं.

मला पूर्ण पैसे परत हवेत, किंवा जुनं मॉडेल. खोक्यावरचे '८ तास' ताबडतोब काढा. आणि ज्यांनी ज्यांनी हे नवं मॉडेल घेतलंय त्या सगळ्यांना कळवा की वीज गेल्यावर याचा अलार्म वाजत नाही. त्यांच्याही फ्रिजमध्ये कुणाची तरी औषधं असतील. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मीटरचे फोटो आणि व्हिडिओ घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. उत्तर उत्पादन विभागाकडूनच यावं. हेल्पलाइनवरून मला फोन करू नका.

तुमची सहा वर्षांची ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, मोजमापांचा तक्ता, व्हिडिओ