ब्रेमेनहून (जर्मनी), आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर माझा आवाज तुटत होता तो नेटवर्कमुळे, आई, मी रडत नव्हते. थंडी, जेवण, रूम सगळं तुला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. बाबा म्हणाले ना, "तिकडे जाऊन जुन्या टेपा ऐकतेस, हे शिक्षण कसलं?", ते जरा लागलं मला, म्हणून आज नीट सांगते.

चार्ल्स मिंगस म्हणून अमेरिकेतला मोठा जॅझवाला, डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठ्ठं व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवायचा. एप्रिल १९६४ मध्ये सहा जणांचा संच घेऊन तो युरोपात फिरला, १० तारखेला ॲमस्टरडॅम, मग ऑस्लो, स्टॉकहोम, कोपनहेगन, १६ ला इथं आमच्या ब्रेमेनला, १७ ला पॅरिस. बऱ्याच ठिकाणी रेडिओवाल्यांनी, टीव्हीवाल्यांनी रेकॉर्ड केलं, पुढं चोरून काढलेल्या रेकॉर्डीही विकल्या गेल्या, आणि त्यात तारखा-नावांचा पार गोंधळ झाला. कुठलं रेकॉर्डिंग कुठल्या रात्रीचं, कुठल्या हॉलमधलं, कोण वाजवतंय, हे कान लावून तपासायचं आणि नोंदवायचं, हाच माझा थिसिस.

म्हणजे बघा, १७ ला पॅरिसच्या 'साल वाग्राम' नावाच्या हॉलमध्ये ट्रम्पेटवाला जॉनी कोल्स स्टेजवरच कोसळला, पुढचा दौरा पाच जणांनीच केला. म्हणजे ट्रम्पेट ऐकू आलं की ते १७ चं किंवा त्याआधीचं. आणि पॅरिसच्या पुढच्या मैफलीची जी गाजलेली रेकॉर्ड आहे, तिच्या पहिल्याच ट्रॅकवर ट्रम्पेट आहे! तो तुकडा साल वाग्रामचा, वर नावही दुसऱ्याच रचनेचं छापलेलं. हे माझ्या आधीच्यांनी शोधलंय, पण हेडफोनवर ते ट्रम्पेट स्वतः ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. ती पुढची मैफल मध्यरात्र उलटून सुरू झाली म्हणून कुणी १८ लिहितं कुणी १९. तुम्ही नाही का दर्ग्यातल्या गाण्याच्या सभेच्या कॅसेटवर "शनिवार रात्र म्हणजे रविवार पहाट" लिहायचात, अगदी तेच. बाबा, मी हे तुमच्याकडूनच शिकले.

एक गंमत सांगायची राहिली. मागच्या महिन्यात वर्गात हे सगळं सादर केलं, संपलं, आणि कुणी टाळीच वाजवेना. सगळे मुठी करून बाकावर ठकठक करायला लागले. मला वाटलं वेळ संपली, थांब म्हणतायत, मी घाईघाईनं लॅपटॉप बंद केला. नंतर कळलं की इथं युनिव्हर्सिटीत टाळ्यांऐवजी हेच करतात. प्रोफेसरचं लेक्चर संपलं की रोज, बोटांची मागची हाडं आपटून, दार वाजवतो तशी. आपले आमदार विधानसभेत बाकं वाजवतात तसं, पण तळहातानं नाही आणि आरडाओरडा नाही. कॉन्सर्टला मात्र टाळ्याच. आता सवय झालीये, माझाही हात आपोआप बाकाकडे जातो.

मिंगसच्या त्या संचात एरिक डॉल्फी होता, सॅक्सोफोन, बासरी, बेस क्लॅरिनेट सगळं वाजवणारा. दौऱ्यानंतर तो युरोपातच राहणार होता, म्हणून मिंगसनं एका रचनेला निरोपाचं नाव दिलं, तिकडे फार दिवस राहू नकोस, एरिक, अशा अर्थाचं. डॉल्फी त्याच वर्षी २९ जूनला बर्लिनमध्ये वारला, अवघा ३६ वर्षांचा, डायबेटिस होता ते वेळेत कळलंच नाही. आई, तू लगेच घाबरशील म्हणून सांगते, आपल्या घरात शुगर आहे ना, मी गेल्याच महिन्यात तपासली, नॉर्मल आहे, विमाही आहे. पण ती रचना ऐकताना तुझाच आवाज येतो कानात, खरंच सांगते.

चिनूच्या लग्नाला नाही जमत. तिकिटाचं मी म्हणाले होते ते अर्धंच खरं, त्याच आठवड्यात थिसिस द्यायचाय. आहेराचे पैसे आणि लोनच्या हप्त्याचे मिळून ३०० युरो पाठवलेत, एफडी मोडू नका, प्लीज. मावशीनं आणलेल्या पुण्याच्या स्थळाला मी नाही म्हणत नाहीये, ते विचारणार परत कधी येणार, आणि त्याचं उत्तर आत्ता नाही माझ्याकडे. मावशीला तू सांभाळून सांग.

तुमची,
ताई

ता.क. बाबा, पावसाआधी कॅसेटचं खोकं माळ्यावरून खाली काढून कपाटात ठेवा, बुरशी धरते. गेल्या वेळी आले तेव्हाच करणार होते मी.