जुनी सीडी मागणाऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना

मॅडम नमस्कार,

तुम्हाला आम्ही आठवत असू की नाही काय माहीत, दिवसाला किती पेशंट बघत असाल. सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले, रिपोर्ट समजावून झाल्यावर "मग बिडी चालेल का" असं विचारणारे ते अण्णा, त्यांचा मी मुलगा. तेव्हा घाईत नीट थँक्यू पण म्हटलं नाही म्हणून आता लिहितोय.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी फिटनेस काढायला गेलो, एक्सरेत ठिपका दिसला, सीटी काढलं आणि रिपोर्टमध्ये डाव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला ९ एमएमचा नोड्यूल (म्हणजे छोटी गाठ), कॅन्सर नाकारता येत नाही, असं लिहून आलं. माणूस ६८ वर्षांचा, चाळीस वर्षं बिडी. झालं, घरात जेवण बंद. एका ठिकाणी लगेच सुईने बायोप्सी करा सांगितलं, मामा म्हणाले थेट टाटाला न्या, आणि रात्री मोबाईलवर मी जे वाचत बसायचो ते तर सांगायलाच नको.

तुमच्याकडे सेकंड ओपिनियनला आलो तर तुमचा पहिलाच प्रश्न, "छातीचा जुना सीटी आहे का?" मी नाही म्हणालो. अण्णाच म्हणाले, अरे कोरोनात काढलेला की! मे २०२१ चा एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटीच, कोरोना फुफ्फुसात किती पसरला त्याचा स्कोर ११. तेव्हा सगळं नाशिक एकमेकाला स्कोरच विचारत होतं, त्या रिपोर्टमध्ये नोड्यूलचा न पण नव्हता. तुम्ही म्हणालात फिल्मवर नीट मोजता येत नाही, सीडी शोधा.

सीडी सापडली माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्याखाली, आणि आता सीडी ड्राइव्ह कोणाकडे असतो हो? शालिमारला एका रिपेअरवाल्याकडे जुना पीसी होता. दोनदा वाचलीच नाही, मग त्याने शर्टाच्या टोकाने पुसली (मी ओरडणारच होतो) आणि चालली. पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे.

तुम्ही दोन्ही सीटी शेजारी शेजारी लावून मला स्टूल दिलंत, ते मी विसरणार नाही. २०२१ ला ९, आत्ताही ९. कॅन्सरची घट्ट गाठ असती तर साधारण ४०० दिवसांच्या आत दुप्पट झाली असती म्हणालात, आणि दुप्पट म्हणजे ९ चे १८ नाही, ९ ची सव्वाअकरा झाली तरी आकारमान दुप्पट होतं, म्हणून एकेक एमएम मोजायचा. घट्ट गाठ दोन वर्षं तशीच राहिली की बरीचशी काळजी मिटते, धुरकट काचेसारखी असती तर मात्र पाच वर्षं नजर ठेवावी लागली असती.

मग तुम्ही सीटीच्या बारीक स्लाइस, म्हणजे पातळ काप, उघडल्या. जाड स्लाइसमध्ये आजूबाजूची हवा मिसळून कॅल्शियम पुसट होतं, एक एमएमच्या स्लाइसमध्ये गाठीच्या बरोबर मधोमध पांढराशुभ्र ठिपका, म्हणजे साचलेलं कॅल्शियम, जुन्या बऱ्या झालेल्या गाठीची खूण. त्यावर कर्सर ठेवलात तर घनतेचा आकडा ३०० च्या वर, पाणी शून्य आणि हवा उणे हजार धरून. कडा पण गुळगुळीत, काटे फुटलेले नाहीत. "जुन्या टीबीचा व्रण दिसतोय, बरा झालेला," म्हणालात, आणि तेव्हा अण्णांनी हळूच सांगितलं की लग्नाआधी वर्षभर गोळ्या खाल्ल्या होत्या. आईला पण माहीत नव्हतं! घरी गेल्यावर त्यावरून जे झालं ते वेगळंच.

पेट स्कॅन (कॅन्सरची गाठ ज्यात चमकते तो) करू का विचारलं तर म्हणालात, आपल्याकडे टीबी एवढा की टीबीची गाठ पण पेटमध्ये चमकू शकते, इथे घोळच वाढेल. सुईचं पण नको, बिडीने खराब झालेल्या फुफ्फुसातून हवा गळायची भीती. एवढं सगळं अर्धा तास सांगितलंत आणि फी तीच घेतलीत.

हर्नियाचं ऑपरेशन झालं, टाके निघाले. बिडीला तुम्ही नाहीच म्हणालात, "हा ठिपका बिडीचा नाही म्हणून पुढचा होणार नाही असं थोडीच आहे," तर आता दिवसाला दोनवर आलेत, म्हणजे आम्हाला दिसतात त्या दोन. आणि सीडी आईने दागिन्यांच्या डब्यात ठेवलीय, पेनड्राइव्ह आहे सांगितलं तरी ऐकत नाही.

तुमचा,
अण्णांचा मोठा मुलगा, सिडको