दम लागतो, पण रिपोर्ट नॉर्मल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी पीएफटी, म्हणजे फुप्फुसं किती चांगली चालतात याची चाचणी करते. "छाती भरून श्वास घ्या, आता जोरात सोडा, सोडा, सोडा, थांबू नका," हे दिवसभर माझ्या तोंडी असतं. पत्र लिहायचं कारण म्हणजे नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन, तरीही धापा टाकत बाहेर पडणारी माणसं. गेल्या हिवाळ्यात वेल्ह्याकडच्या एक मावशी आल्या होत्या. जन्म चुलीपुढे गेलेला. पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना मध्येच बसावं लागतं, म्हणाल्या. आकडे वयाला साजेसे आले. सोबतचा मुलगा लगेच म्हणाला, "बघ आई, काही नाहीये तुला, मनाचं आहे सगळं." त्या गप्प झाल्या. मला ते फार लागलं, कारण माझ्या यंत्राला काय कळत नाही हे मला ठाऊक आहे.

हे यंत्र, स्पायरोमीटर, दोन्ही फुप्फुसांतून मिळून बाहेर आलेली हवा मोजतो. एखादा भाग निकामी झाला आणि बाकीच्यांनी भार उचलला, तर बेरीज जवळजवळ तशीच येते. डीएलसीओ चाचणीत किंचित कार्बन मोनॉक्साइड देऊन तो रक्तात किती गेला ते पाहतो, पण तोही अख्ख्या छातीचा एकच आकडा. सीटीत फुप्फुसाची घडण दिसते, काम नाही. नेहमीचा एमआरआय हायड्रोजनचा, म्हणजे मुख्यतः पाण्याचा संकेत टिपतो, आणि फुप्फुसात तर बहुतेक हवाच. त्यामुळे ते काळंच दिसतं.

मग हवेचाच संकेत मिळवला तर? झेनॉन-१२९ या वायूच्या अणुकेंद्रांना चुंबकासारखा गुण असतो, पण ती उलटसुलट दिशांना असल्याने संकेत जवळजवळ शून्य. रुबिडियमच्या वाफेवर विशिष्ट लेझर सोडला की त्या अणूंचे इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात आणि झेनॉनवर आदळताना ती दिशा त्याच्या केंद्रांना देतात. संकेत दहा हजार ते लाखपट वाढतो. रुग्णाने पिशवीतला साधारण लिटरभर वायू ओढायचा, दहा-पंधरा सेकंद श्वास धरायचा, तेवढ्यात चित्र तयार. हवा पोहोचली तो भाग उजळ, नाही पोहोचली तो काळा. क्ष-किरण नाहीत, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करता येते. झेनॉन जास्त प्रमाणात दिला तर भूल देतो, त्यामुळे मात्रा मोजूनच द्यावी लागते. क्षणभर गरगरतं, मुंग्या येतात, आणि थोड्या वेळात ओसरतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. झेनॉन प्राणवायूच्याच वाटेने जातो: वायुकोशातून पातळ पडद्यात, तिथून तांबड्या पेशींत. प्रत्येक ठिकाणी त्याच्या संकेताची वारंवारता थोडी बदलते, म्हणून किती वायू पडद्यात आहे आणि किती पेशींपर्यंत पोहोचला हे वेगळं मोजता येतं, तेही फुप्फुसाच्या भागाभागाचं. पडदा जाड झाला असेल तर झेनॉन तिथेच जास्त दिसतो. ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या संशोधकांना कोविडनंतर दम लागणाऱ्या, सीटी जवळजवळ नॉर्मल असलेल्या रुग्णांतही ही देवाणघेवाण मंदावलेली आढळली. म्हणजे दम खरा होता. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये या वायूला मान्यता मिळाली, मात्र हवा कुठवर पोहोचते हे पाहण्यापुरती.

अडचणी लहान नाहीत. १.५ टेस्ला ताकदीचं चुंबक असलेल्या एमआरआयमध्ये हायड्रोजनचा संकेत ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, झेनॉनचा १८ च्याही खाली. त्यासाठी संकेत पकडणारी वेगळी कॉइल आणि वेगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. हवेच्या एक कोटी भागांत झेनॉन एक भागही नसतो, त्यामुळे तो महाग. पिशवीत त्याचं चुंबकत्व फार टिकत नाही, म्हणून तो तयार करणारं यंत्र स्कॅनरशेजारीच हवं.

पण हे पुणे आहे. पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनएमआरवर, म्हणजे एमआरआयच्या मुळाशी असलेल्या तंत्रावर काम चालतं, आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ आहेत, विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राचे लोक क्षीण रेडिओसंकेत पकडण्यात मुरलेले आहेत. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार, होतो हे २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. संदीप साळवी, याच शहरातले. या मंडळींनी आणि एखाद्या सरकारी रुग्णालयाने मिळून एक यंत्र उभारावं, तेही संशोधनासाठी. चाचणी लगेच सगळ्यांना मिळेल असं मी म्हणत नाही.

तोपर्यंत डॉक्टरांना विनंती, की स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून तिथेच थांबू नका. डीएलसीओ सांगा, सहा मिनिटं चालवून बोटावरचा ऑक्सिजन बघा. घरी चूल आहे का, खिडकीत कबुतरं बसतात का, हे विचारा. यंत्र आलंच, तर पहिल्या तपासण्या मुळशी, वेल्हे, भोरच्या चुलीपुढच्या बायकांच्या व्हाव्यात. त्यांचा येण्याजाण्याचा खर्च प्रकल्पानेच करावा, नाहीतर त्या येणार नाहीत.

आपली,
एक पीएफटी तंत्रज्ञ, धनकवडी, पुणे